मिलोयेचं पोट, देसांकाचं पथ्य

नोवी साद, ३ ऑक्टोबर २००२

चि. मिलोये यास, अ. उ. आ.

तुझ्या बायकोचं, स्टानाचं पत्र आलं. रोज सकाळी तुझ्या पोटात आग पडते आणि तू ती घरच्या आलुबुखाराच्या रकियाने विझवतोस म्हणे. धन्य! आगीवर दारू ओतणारा बंब आमच्याच घरात जन्मला. वर सांगतोस, रकियात जंतू मरतात. बाळा, मी तीस वर्षं नर्स होते. अशी आग लावणारा जंतू जठराच्या अस्तरात दडून बसतो, तुझ्या पेल्याला भीक घालत नाही. दारूने अस्तर सोलवटतं ते वेगळंच. पोटात दुर्बीण घालून तपासून घे.

अजून तुझा नाद न सोडलेली,
ताई

गाव, १२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

व्याख्यान पोचलं. शेजारच्या रादिसावला वाचून दाखवलं. म्हणाला, अशी बहीण असल्यावर पोट जळणारच. आजोबा रोज दोन पेले मारून अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले. त्यांना दुर्बीण माहीत नव्हती.

तुझा ठणठणीत,
मिलोये

चाचाकचं इस्पितळ, २९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

हसू नकोस. रविवारी उलटीतून रक्त पडलं. जठराला जुनी सूज, एक व्रण, आणि तुझा लाडका जंतू हजर. दोन आठवडे गोळ्या, दारू कायमची बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा लहानपणी घरातच लागतो, भावंडांनीही तपासावं. तू थेंब घेत नाहीस, तुझं जठर चर्चमधल्या तसबिरीसारखं लखलखत असेल. तरी जा.

पाणी पिऊन जगणारा,
मिलोये

नोवी साद, २० नोव्हेंबर

चि. मिलोये यास, अ. उ. आ.

घे हसून. जंतू माझ्याही पोटात निघाला. सूज तुझ्याहून जुनी, अस्तर झिजलेलं. इतकी वर्षं पोट दुखलं की सोडा पिऊन ड्यूटीवर जायचे, हे कुणाला सांगू नकोस. एक तुकडा कर्करोगासाठी तपासायला दिलाय, निकाल पुढच्या गुरुवारी. मी एकटी जाईन. तू मुळीच येऊ नकोस.

ताई

नोवी साद, ३० नोव्हेंबर

चि. सौ. स्टाना हिस, अ. उ. आ.

येऊ नकोस म्हटल्यावर तुझा नवरा बुधवारीच दारात. गुरुवारी डॉक्टर म्हणाले, कर्करोग नाही, आणि हा गडी तिथेच फरशीवर बसून भोकाड पसरून रडला. डॉक्टरांनी आधी त्यालाच पाणी पाजलं.

आता माझ्या गोळ्या तो घड्याळ लावून देतो. गिळल्यावर तोंड उघडायला लावतो, जीभ उचलून बघतो. रुग्णांना मी हेच करायचे. इतकं अपमानाचं असतं हे एकानेही सांगितलं नव्हतं.

त्याला परत बोलवायची घाई करू नकोस.

तुझी नणंद,
देसांका