'मान्य आहे आहे' यातील एका 'आहे'बाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
हृदयरोग रुग्णालय.

विषय : संमतिपत्रावरील खोडाखोड हा नकार नसून मुद्रितशोधन असल्याबाबत.
संदर्भ : अतिदक्षता विभाग, खाट क्र. ४, आजचे संमतिपत्र.

महोदय,

१. मी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. ही फुशारकी नाही. पुढे कबूल करायच्या गुन्ह्याचे कारण म्हणून सांगितले.

२. माझी पत्नी अडतीस दिवस हृदयाच्या पंपावर आहे. खांद्याजवळच्या धमनीतून घातलेला हा पंप दोन आठवड्यांपुरता होता. तिचे हृदय मात्र अजून रजेवरून परतलेले नाही. पंपात रक्त गोठू नये म्हणून ते औषधाने पातळ ठेवले, तर पोटात रक्त वाहू लागले. औषध कमी केले, तर बारीक गुठळी मेंदूत जाऊन उजवा हात लुळा पडला. नळीच्या जागी जंतुसंसर्ग झाला, तो वेगळाच. 'इकडे आड, तिकडे विहीर' या म्हणीतले ऱ्हस्व-दीर्घ मी शेकडो वेळा तपासले असतील. अर्थ या खाटेपाशी कळला.

३. आता गुठळी पंपातच झाली आहे. तो कधीही बंद पडेल, म्हणून उद्या सकाळी आठला बदलायचा, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. पत्नीने डाव्या हाताचा अंगठा उठवला. शेजारी माझी सही हवी होती. कागदावर छापले होते : 'वरील धोके समजले असून शस्त्रक्रिया मला मान्य आहे आहे.' मी एक 'आहे' खोडला. कोणता खोडावा, यावर बराच विचार केला, हे लाजत नमूद करतो. समासात वगळण्याची खूण केली आणि त्या समाधानात सही करायची राहून गेली.

४. दुपारी कार्यालयातील बाईंनी फाईलवर 'नातेवाइकांचा नकार' असा शेरा मारला व आठची वेळ दुसऱ्या रुग्णाला दिली. मी समजावायला गेलो. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीच तर खोडलंय." मी म्हणालो, दुसराच खोडलाय. "मग पहिल्याखाली सही कुठाय?" मी लगेच पेन काढले. नवा कागद मिळाला. पण नकारावर संमती चढत नाही, त्याला साहेबांचा हुकूम लागतो, असे समजले.

५. हे पत्नीला सांगावेच लागले. तिला बोलताना धाप लागते, तरी म्हणाली, "जास्तीचा 'आहे' राहू द्यायचा होता की. मला लागला असता."

६. तरी सदर शेरा रद्द करून उद्याचीच वेळ द्यावी, ही विनंती. दुसऱ्या रुग्णाला उठवून नको, त्यांच्यानंतरची चालेल. दंड काय असेल तो मला करावा. तिने आयुष्यात माझ्याशी लग्न करण्यापलीकडे काही चुकीचे केलेले नाही.

हा अर्ज तिसऱ्यांदा लिहिला आहे. चौथ्यांदा तपासणार होतो, परंतु आपले कार्यालय पाचला बंद होते.

आपला, यापुढे काहीही न खोडणारा,
(सही)
खाट क्र. ४ वरील रुग्णाचा पती
दि. १४ मार्च, दुपारी ४.१०

सोबत : नवे संमतिपत्र, सहीसह. त्यात 'रक्तस्राव' हा शब्द दोन ठिकाणी 'रक्तस्त्राव' असा छापला आहे. मान्य आहे.