अकरावर जाऊन बसलेला काटा

बाबा, आज कॉलेजच्या लॅबमध्ये संगणकाच्या पडद्यावर अकरा व्होल्ट दिसले. तुम्ही पाठीमागे उभे आहात असं वाटलं. सोल्डरच्या धुराचा वासही आला, आणि आमच्या लॅबमध्ये आता सगळे प्रयोग सॉफ्टवेअरवर होतात, सोल्डर करतंय कोण! तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी वळून पाहायची हिंमत झाली नाही.

मी यवतमाळला मुलांना ऑप-अँप शिकवते. ऑप-अँप म्हणजे तुमची ती आठ पायांची आयसी. तिचा ओपन-लूप गेन काढायचा, म्हणजे आउटपुटकडून इनपुटला परत येणारी तार नसताना ती सिग्नल किती पट मोठा करते ते बघायचं. पुस्तकातलं उत्तर दोन लाख पट. पॉलिटेक्निकला असताना आमच्या बॅचमध्ये ते एकालाही आलं नाही. आम्ही सगळ्यांनी पुस्तकातला आकडा जर्नलात उतरवला, सरांनी लाल सही ठोकली आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

सुटीत मी आर्णीला घरी आले आणि तुम्ही ते जर्नल तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात मागून घेतलंत. सातवी शिकलेला माणूस, पण अख्ख्या तालुक्याचे माइक-सेट तुमच्या हाताखालून जायचे. गिऱ्हाईक जयभीम म्हणत आत आलं की आधी त्याला माझं जर्नल दाखवायचं, मग त्याचा अॅम्प्लिफायर उघडायचा, असा तुमचा खाक्या. एका सकाळी तुम्ही स्वतःच तो प्रयोग करायला बसलात. तार काढलीत, आणि मीटरचा काटा सरळ अकरावर जाऊन बसला. बारा व्होल्टच्या सप्लायवर त्याला पुढे जागाच नव्हती. आयसी बदललीत. पुन्हा अकरा. चार आयसी झाल्या, मग तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात.

"आयसी खराब असन," मी म्हणाले.

"चारही खराब कशा असतीन वं? तुमच्या कालेजात बराबर येते, म्हंजे माह्याच हाताचं काहीतरी चुकून राह्यलं. वय झालं आता, माय."

जर्नलातला आकडा पुस्तकातून उतरवलाय, हे मी सांगितलं नाही. त्या वर्षी जयंतीच्या आधी अॅम्प्लिफायर घेऊन आलेल्या पोरांना तुम्ही परत पाठवलंत. "बारीक काम यवतमाळले न्या रे, मले आता जमत नाही," हे तुम्ही हसत सांगत होतात आणि मी आतल्या खोलीत ऐकत होते. त्यानंतर तुम्ही फक्त पंखे आणि मिक्सर दुरुस्त केलेत.

तुमचं काहीच चुकलं नव्हतं, बाबा. आयसीच्या आत एखाद-दोन मिलिव्होल्टचा फरक जन्मतःच असतो. तार काढली की तोच लाखो पट व्हायला धावतो आणि आउटपुट सप्लायला जाऊन चिकटतं. सॉफ्टवेअरमध्येही तेच होतं. म्हणून तिथे तारेच्या जागी एक कॉइल टाकतात, जगात कुणालाही गुंडाळता येणार नाही एवढी अवाढव्य, आणि जोडीला तसाच राक्षसी कपॅसिटर. डीसीला, म्हणजे स्थिर व्होल्टेजला, त्या कॉइलमधून वाट मोकळी, म्हणून आउटपुट ठिकाणावर राहतं, आणि सिग्नलला मात्र वाट बंद. मग कुठे ते दोन लाख मिळतात. आज मुलांना चूक दिसावी म्हणून मी आधी नुसती तार काढून दाखवली होती.

हे सगळं मला पुढच्याच वर्षी कळलं होतं. त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात. दर सुटीत वाटायचं, आज सांगून टाकू. नेमके तुम्ही कुणाला तरी जर्नल दाखवत असायचात, आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत सटकायचे. लाज वाटायची. तुमच्या डोळ्यांतला माझा मान जाईल याची भीती वाटायची. तो वाचवायला मी तुमचा स्वतःवरचा भरवसा जाऊ दिला.

मला तो आकडा खरंच आला होता का, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत. आज एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, तुमाले खऱ्या आयसीवर दोन लाख आलते काय?" कॉइल अजून टाकायची होती. पडद्यावर तुमचे अकरा व्होल्ट तसेच होते आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी हो म्हणाले.