बुजगावण्याच्या जागी

१४ ऑक्टोबर

उड्या बंद! हृदयाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, जिने चढतो, गवत कापतो — आणि डॉक्टर म्हणतो, "नॉर्बर्ट, यंदा हॅलोवीनला उड्या मारायच्या नाहीत." त्याला हॅलोवीनचं कुणी सांगितलं? शेजारच्या खुर्चीत डार्लीन छताकडे बघत बसली होती. चाळीस वर्षांचा संसार, आणि बायको फितूर!

१६ ऑक्टोबर

बुजगावणं भरलं. माझाच जुना कोट, माझेच बूट, तोंडाला गोणपाट, पोटात पेंढा. ओसरीवर खुर्चीत बसवलं, मांडीवर चॉकलेटांचं भांडं. दरवर्षीची युक्ती हीच. पंधरा दिवस ते बसतं, लोकांची नजर सरावते, आणि एकतीस तारखेला त्याच्या जागी मी. सोंग घेऊन दारोदार चॉकलेट मागत आलेल्या पोरानं भांड्यात हात घातला की उडी मारून धरायचं! गेल्या वर्षी शेजारच्या हॅचरांची जुळी अशी किंचाळली की कोपऱ्यावरचं कुत्रं तासभर भुंकत होतं.

डार्लीन म्हणाली, "यंदा ते एकटंच बसेल. शपथ घे." घेतली. शपथ घ्यायला काय जातंय!

१९ ऑक्टोबर

तीस वर्षं नगरपालिकेसाठी पाण्याचे मीटर वाचले. एका माणसानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त एकतीस ऑक्टोबर, संध्याकाळी सहा ते आठ — पोरांच्या फेरीसाठी नगरपालिकेनंच ठरवून दिलेले दोन तास — अख्खी गल्ली मला घाबरते. हेही सोडू? मग माझ्याकडे उरलं काय?

२३ ऑक्टोबर

मुलीचा फोन. "डॅड, त्रेसष्ट पूर्ण झाली तुम्हाला. या वयात लोक मासे पकडतात." माशांना घाबरवून काय मिळतं?

२८ ऑक्टोबर

डार्लीननं मोठ्या चॉकलेटांचं एक खोकं आणून शिवणाच्या कपाटात दडवलं. म्हणे चर्चसाठी!

१ नोव्हेंबर, सकाळी

कालचं क्रमानं लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

साडेपाचला "जरा पडतो" म्हणून वर गेलो. मागच्या जिन्यानं उतरलो, बुजगावणं गॅरेजमध्ये ढकललं आणि त्याच्या जागी बसलो. गोणपाट चढवलं. ओहायोतला गारठा बुटांतून वर चढत होता, पण मी मजेत!

सहाच्या ठोक्याला हॅचरांची जुळी आली. सोंगावरून आईनं जाड कोट चढवलेले, त्यामुळे चेटकीण नुसत्या टोपीवरून ओळखायची. दुसरा आगीच्या बंबावाला. मी उडी मारणार, एवढ्यात — मी हललोसुद्धा नव्हतो! — दोघं माझ्या तोंडासमोर उभी राहून जीव खाऊन किंचाळली.

दार उघडून डार्लीन आली. हळूच म्हणाली, "शाब्बास! यंदा ते वर झोपलेत, आवाज खिडकीपर्यंत जायला हवा." आणि त्या खोक्यातलं मोठं चॉकलेट, दोघांना एकेक.

"पण हे तर खरंच बुजगावणं आहे," चेटकीण म्हणाली. "मग किंचाळायचं कशाला?"

"दरवर्षी किंचाळतोच की," बंबावाला म्हणाला. "मिस्टर नॉर्बर्टना वाईट वाटतं ना!"

त्यांची आई फाटकातून पुढे आली. "एका वर्षी कुणीच घाबरलं नाही, तर म्हणे तीन दिवस जेवले नव्हते?"

"चार," डार्लीन म्हणाली.

दोन तास! एकामागून एक पोरं येत होती, जागच्या जागी बसलेल्या माझ्यावर किंचाळत होती, चॉकलेट घेऊन चालती होत होती. एकानं तर किंचाळता किंचाळता जांभई दिली. खरं सांगतो, गोणपाटाच्या आत रडलो. आणि संताप! अख्ख्या गल्लीनं इतकी वर्षं मला वेड्यात काढलं, आणि सगळ्यांची म्होरकी माझीच बायको!

आठ वाजले. समोरच्या घरांच्या ओसरीवरचे दिवे विझले. डार्लीन बाहेर आली, भांडं उचललं, मग बुजगावणं आत न्यायला माझ्या काखेत हात घातला. "चल बाबा," म्हणाली, "सुटलास एकदाचा."

मी म्हटलं, "माझं चॉकलेट कुठाय?"

अशी किंकाळी मी जन्मात ऐकली नाही. भांडं एकीकडे, ती एकीकडे — तीन पायऱ्या खाली!

३ नोव्हेंबर

तिचा घोटा दोन जागी मोडलाय. सहा आठवडे प्लास्टर. मी सूप करतो, उशा लावतो, माफी मागतो. मनापासून मागतो.

हॉस्पिटलात नर्सनं मला बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं होतं, "घरी नवऱ्याची भीती वाटते का?" उत्तर कागदावर आहे: "होय. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच." खाली सही, शिक्का. त्यावरून गुरुवारी सरकारी बाई चौकशीला येणार आहेत.

मी त्या कागदाची प्रत मागून घेतली.