पोर्तोची गाईड

शनिवार, ६ एप्रिल २०२४

विलासने घात केला.

दर शनिवारी टोरांटोजवळच्या ओकव्हिलहून त्याचा फोन येतो, आमच्या एडमंटनच्या सकाळी नऊला. सांगलीच्या हॉस्टेलमधली दोस्ती, गेली चाळीस वर्षं ती फोनवरच चाललीय. आज म्हणाला, "गुरू, मे महिन्यात पोर्तोला जाऊ. तू, वहिनी आणि मी." म्हटलं, पोर्तुगाल कशाला, इटलीला जाऊ, रोम बघू. "नाही. पोर्तोच." का, ते सांगेना. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हापासून एखादी गोष्ट धरली की सोडत नाही.

मी नकाराचं कारण शोधत होतो. फोन स्पीकरवर होता. जयंती स्वयंपाकघरातून म्हणाली, "येतो आम्ही."

आणि वर हे — त्याने तिथे एका दिवसासाठी खाजगी गाईड आधीच बुक करून ठेवलीय. "आपल्यासाठी एकटी, दिवसभर. मराठी बोलते, कॅनडातलीच आहे. रीटा नाव. रिव्ह्यूज वाच, एक तक्रार नाही!"

रीटा म्हणजे आमची ऋचा.

रविवार, ७ एप्रिल

डोकं ताळ्यावर आलंय, नीट लिहून काढतो.

ऋचा अकरा वर्षं व्हँकुव्हरला डॉक्टर होती. तीन वर्षांपूर्वी सगळं सोडून पोर्तोला गेली आणि आता रीटा नावाने लोकांना गाव दाखवते. हे मी विलासला सांगितलेलं नाही. तो त्याच्या जयदीपचं सांगतो — लंडन, बँक, बढती. मी ऋचाचं सांगतो — व्हँकुव्हर, पेशंट, वेटिंग लिस्ट. खोटं असं बोललो नाही. जुनी बातमी चालू ठेवली, एवढंच. त्याने तिला एकदाच पाहिलंय, ती सहा वर्षांची असताना. तोंडावरून ओळखणार नाही.

आणखी एक लिहायला हवं. आमच्या घरचा रिवाज आहे — कुणी लांब निघालं की मी हातात पाकीट ठेवायचं, पोरीने वाकून नमस्कार करायचा, मी डोक्यावर हात ठेवून "मोठी हो" म्हणायचं. शाळेच्या पहिल्या कॅम्पपासून मेडिकलपर्यंत कधी चुकलं नाही. आम्हाला भेटून ती पोर्तोला निघाली तेव्हा मी पाकीट नेलं नव्हतं. एडमंटनच्या एअरपोर्टवर, सगळ्यांच्या देखत, ती वाकली. मी कोटाच्या खिशातून हात काढले नाहीत. ती उठली आणि सिक्युरिटीच्या रांगेत गेली.

तेव्हापासून रविवारचा फोन आईला. चुकून मी उचलला तर "देतो हं" म्हणतो आणि देतो.

आज जयंतीला म्हटलं, तिला सांग, त्या दिवशी आम्हाला ओळख दाखवू नकोस. जयंती कणीक मळत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "तुमचा निरोप तुम्ही द्या."

मंगळवार, ९ एप्रिल

पाठवला एकदाचा मेसेज. तीन ओळी, दोन दिवस लागले.

तिचं उत्तर चार मिनिटांत — "ओके बाबा. पण मी खोटं बोलणार नाही. कोणी विचारलं नाही तर सांगणार नाही, दॅट्स ऑल. अँड प्लीज गुड शूज घाला. खूप चढ आहेत."

बूट आणायला हवेत.

शनिवार, २० एप्रिल

विंटर टायर परवाच बदलून घेतले — आणि आज बर्फ! सकाळी ड्राइव्हवे शोव्हल केला. विलासचा फोन. जयदीपला पुन्हा बढती. म्हटलं, ऋचाला जेवायलासुद्धा सवड नाही.

नवे बूट घालून बेसमेंटचा जिना दिवसाला वीसदा चढतो. जयंती हसते. हसू दे.

सोमवार, १३ मे. पोर्तो

काल पोचलो. विलास वाळलाय. कपडे अंगावर लोंबतात.

आज सकाळी सहाला एकटाच बाहेर पडला, नऊला आला. कुठे गेला होतास? "पाय मोकळे केले." कॉफी प्यायला बसलो तर दाराकडे तोंड करून बसला, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. मी माझ्या नोकरीतल्या, विजेच्या ट्रान्समिशन टॉवरबद्दल बोलत होतो, एक अक्षर ऐकलं नाही.

जयंतीने बॅगेच्या तळाशी मेतकुटाची बरणी आणलीय. ती कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

उद्याचा एक दिवस निभावला की झालं.

मंगळवार, १४ मे

दिवसभराचं सगळं लिहितो, नाहीतर विसरेन. विसरायचं नाहीये.

साओ बेंतू स्टेशनच्या दारात उभी होती. निळं जॅकेट, केस कापलेले, कानावर दोन-चार पांढरे. माझ्या मनात ती अजून एअरपोर्टवरचीच होती. विलासला हात जोडून "नमस्कार काका", जयंतीला "नमस्कार मावशी", आणि मला — "गुड मॉर्निंग, सर."

विलास काका आणि मी सर! पण मागितलं होतं मीच.

स्टेशनाच्या भिंतींवर निळ्या टाइल्सची चित्रं आहेत, छतापर्यंत. लढाया, लग्नं, मिरवणुका. मी मनात म्हणत होतो, पाठ केलेलं म्हणेल, सगळेच म्हणतात. तिने पाठ केलेलं काही म्हटलं नाही. विलासला विचारलं, "काका, ह्यातलं कोण आधी दिसलं तुम्हाला?" त्याने एक म्हातारा दाखवला. तिथून सुरू केलं आणि सगळी भिंत त्या म्हाताऱ्याभोवती गुंफली. शेजारचे दोन जर्मन आपली गाईड सोडून आमच्याकडे सरकले. मराठीतून चाललं होतं, तरी!

मराठी तिची जयंतीने बेसमेंटमध्ये शिकवलेली — मधेच इंग्रजी, क्रियापदं थोडी इकडेतिकडे. पण थांबत नाही, लाजत नाही.

चढ खरंच फार. विलास मागे पडत होता. तिने एकदाही "दमलात का" विचारलं नाही. चार घरं पुढे गेलो की एखादा दरवाजा, एखादं कोरलेलं नाव दाखवायला थांबायची. तिसऱ्या थांब्याला माझ्या लक्षात आलं — ती त्याला बसायला जागा असेल तिथेच थांबत होती. आणि दर तासाच्या आत एक वॉशरूम. प्रत्येक कॅफेवाला ओळखीचा. "रीटा!" म्हणून आतून हाका. एवढा विचार माझ्या प्रॉस्टेटचा आजवर कुणी केला नव्हता.

चर्चमागच्या एका गल्लीत मासे विकणाऱ्या बाईने तिला धरून दोन्ही गालांचे मुके घेतले, मग आम्हाला काहीतरी लांबलचक सांगितलं. ऋचाला भाषांतर करायची लाज वाटत होती. जयंतीने करायला लावलं. "म्हणते, मी त्यांच्या नवऱ्याला वेळेत हॉस्पिटलमध्ये पाठवलं." जयंतीने तिथल्या तिथे बॅगेतून बरणी काढली आणि "आमच्याकडची आहे गं, घे" म्हणून तिच्या हातात ठेवली. ऋचाने झाकण उघडून वास घेतला आणि थोडा वेळ दुसरीकडे बघत उभी राहिली.

मग विलासची उलटतपासणी सुरू झाली.

"कॅनडात कुठली तू?"

"अल्बर्टा, काका."

"म्हणजे गुरूच्याच बाजूची! आणि वडील?"

"इंजिनिअर. रिटायर्ड."

आणि गडी सोडेना. इथे कॅनडातून येऊन राहणारी तरुण पोरं बरीच आहेत का? राहतात कुठे? कामं कसली करतात? एखाद्याचा पत्ता काढायचा तर कुणाला विचारायचं? ती प्रत्येकाचं नीट उत्तर देत होती — कुणी हॉटेलात, कुणी सर्फिंग शिकवतं, नदीपलीकडे खोल्या स्वस्त आहेत. मला वाटलं, ह्याला संशय आलाय, मला खेळवतोय.

"वडील काय म्हणतात ह्या कामाला?"

"अजून काही म्हणाले नाहीत."

"बोलतेस का त्यांच्याशी?"

"दर संडेला फोन करते. ते आईकडे देतात."

विलासचे प्रश्न तिथे संपले. मी बुटांकडे बघत चाललो.

पुलावर आलो. दोन मजली लोखंडी पूल, वरून मेट्रो जाते, खाली गाड्या. आता माझं राज्य! विलासला सांगितलं, हा आयफेलने बांधला, पॅरिसचा टॉवर बांधणारा तो. सकाळपासून दोनदा सांगितलं होतं. "सर," ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात. आयफेलचा पूल तिकडे, नदीच्या वरच्या अंगाला. हा सेरिगचा. आधी त्याचा पार्टनर होता, मग वेगळा झाला." चौतीस वर्षं स्टीलमध्ये काढून हे मला माहीत नव्हतं! राग यायला हवा होता. आला नाही.

मग तिने खिशातून एक पोस्टकार्ड काढलं, दोन तळव्यांमध्ये धरून कमान केली आणि विलासला म्हणाली, "काका, वरून दाबा. बघा, वजन खाली जात नाही, माझ्या हातांवर बाजूला ढकलतं. म्हणून दोन्ही काठ मजबूत लागतात."

हे मी तिला चौथीत शिकवलं होतं. सायन्स फेअरच्या आदल्या दिवशी, बेसमेंटमध्ये, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने. शब्दसुद्धा माझेच.

छाती भरून आली, दुसरा शब्द नाही. एवढ्या वर्षांत कुणा पेशंटशी ती कशी बोलते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तिचं काम चालू असताना आज पहिल्यांदा पाहिलं. आणि ती ह्यात उत्तम आहे! माझ्या टॉवरच्या कामात मी इतका उत्तम नव्हतो. जयंती माझ्याकडे बघत होती.

कठड्याला टेकून तिने विचारलं, "काका, तुमची मुलं?"

"एक मुलगा. लंडनला असतो," विलास नदीकडे बघत म्हणाला. बढतीचं काही बोलला नाही. मला नवल वाटलं.

पाच वाजता परत स्टेशनच्या दारात. विलासने बक्षिसीचं पाकीट आणलं होतं. ते माझ्या हातात दिलं. "तू दे, गुरू. तुझ्याकडची पोरगी."

मी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं —

आणि वाकली.

अंगातली सवय! तिला कळलं नसणार. जन्मभर माझ्या हातचं पाकीट म्हणजे वाकायचं. तिचा हात माझ्या नव्या बुटांवर, आणि माझा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेलेला. माझ्या तोंडून निघालं, "मोठी हो."

ती तशीच वाकलेली राहिली. मी काय बोललो, तिने काय केलं, दोघांना एकदमच समजलं. जयंतीने पदर नसताना पदर शोधला, मग बाहीने डोळे पुसले.

मी विलासकडे वळलो. "ही ऋचा. माझी मुलगी. डॉक्टर होती, आता इथे गाईड आहे. तीन वर्षं झाली. तुला सांगितलं नाही." आवाज फुटला माझा. फुटू दे. चारचौघांत मी एवढ्या अभिमानाने आजवर काही बोललेलो नाही.

विलास आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिला. मग ऋचाच्या डोक्यावर त्यानेही हात ठेवला, "चांगलं झालं" म्हणाला आणि चालत हॉटेलकडे निघून गेला. जेवायला आला नाही.

ऋचाच्या घरी जेवलो. वरणभात, मेतकूट.

बुधवार, १५ मे

विलास सकाळच्या विमानाने टोरांटोला गेला. हात मिळवला, नजर मिळवली नाही.

बरोबरच आहे त्याचं. तीन वर्षं त्याला फसवत आलो.

शनिवार, २५ मे. एडमंटन

आज नऊला फोन वाजला नाही. गेल्या शनिवारीही नाही. जयंती म्हणते, तुम्ही करा. कोणत्या तोंडाने करू?

महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला मात्र भेटेल त्याला सांगितलं — मुलगी पोर्तोला गाईड आहे, जाणार असाल तर नंबर देतो. चार जणांनी घेतला. एकाने विचारलं, "पण डॉक्टरकी?" म्हटलं, तीही येते तिला.

शनिवार, ८ जून

नऊला विलासचा फोन. जयदीप लंडनला नाही. चार वर्षं बोलणं नाही, आई गेली तेव्हाही आला नाही. शेवटचं कार्ड पोर्तोहून होतं, त्याच पुलाचं. "तुझ्यावर राग नाही रे. तुझी वाकली, ते बघवेना. ऋचाला विचारशील? तिची तिथे सगळीकडे ओळख आहे." जयदीपचा फोटो आलाय, दहा वर्षांपूर्वीचा.

जयंती हात पुसत आली, फोन घ्यायला. मी दिला नाही. पोर्तोचा नंबर मीच लावला.