कोळूतलं फळकं

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

चि. वेंकूस राजीआक्काचे आशीर्वाद. इथं सगळी बरी आहेत. तुझे गुडघे कसे आहेत?

पहिली नागलक्ष्मी आली. दर नवरात्रात आमचा कोळू, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, पाहायला तीच पहिली, दिवा लागायच्या आत, डोक्यात वीतभर मल्लीगेचा गजरा आणि डोळे हरभऱ्याच्या सुंडलाच्या पातेल्यावर. मग बँकेतली मामी, मग माडीवर भाड्यानं राहते ती नित्या. पहिल्या दिवशी सुंडलात मीठ जास्ती पडलं. कुणी बोललं नाही, नागलक्ष्मी बोलली. तू मांडून गेलेल्या कोळूला सगळ्यांनी नावाजलं. वेंकूबाईचा हात बाई, म्हणाल्या. मी पण होय होय म्हटलं. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं.

तू चेन्नैला पोचल्यापासून फोन घेत नाहीस. बरंच आहे. फोनात मला राग आला की तमिळ येतं आणि धाप लागते. आपल्या अप्पांनी पाटीवर शिकवली तेवढी मराठी अक्षरं मला येतात, तेवढ्यात रागावते.

आधी होडीचं सांगते. तू ती नीट पाहिलीच नाहीस, नाकाला पदर लावून बाजूनं गेलीस. पुदुच्चेरीच्या कुठल्या क्लबात उन्हात पडून होती, कुणीकुणी वापरून टाकलेली. माझ्या नातीनं, शांभवीनं, ती आपल्या पगारातून घेतली. लॉरी गल्लीत वळेना, तेव्हा कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यांनी उत्सवमूर्तीसारखी खांद्यावरून आणली. एकजण तर गोविंदा गोविंदा म्हणत होता. तिनं बूड घासलं, तडे गेले होते तिथं फायबरचं कापड रेझिननं चिकटवलं, परत घासलं. कॉलेजातून शिकवून यायची ती तशीच पॉलिश पेपर घेऊन बसायची, केसात सगळी पांढरी भुकटी. माझ्याहून म्हातारी दिसायची. मी तिला तिथंच उभ्यानं ताकभात भरवायची.

शीड उसवलं होतं ते मी शिवलं. माझ्या मशीनवर. साध्या सुया कटाकट मोडल्या, मग जीन्सची सुई आणवली. सगळं शीड हॉलभर पसरलं, माझा प्रवीण ऑफिसातून आला तर त्याला चप्पल काढायला जागा नाही. तंजावुरात शीड शिवलेली दुसरी म्हातारी कुठं असली तर मला दाखव. वेंकू, ह्या वयात कुणी मला नवीन काम शिकवेल असं मला वाटलं नव्हतं. सकाळी उठले की आधी मी बाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर जाऊन होडीच पाहत होते, नंतर कॉफी.

आणि ते फळकं. होडीच्या मध्यावर एक फट असते, तिच्यातून एक फळकं खाली पाण्यात सोडतात. शांभवीच्या इंग्रजीत त्याला नाव आहे, मी पोटातलं फळकं म्हणते. वारा शिडाला ढकलतो, आणि हे फळकं पाण्यात पाय रोवून उभं राहतं, म्हणून होडी पुढं जाते. ते नसलं तर खेकड्यासारखी आडवी घसरते. मला पुसून घे, सगळं ठाऊक आहे. त्याला वार्निशचे हात मीच दिले. मागच्या खोलीत वाळत ठेवलं होतं, कोळूच्या फळ्यांच्या शेजारी.

बापलेकीतला करार तुझ्यासमोरच झाला. प्रवीण म्हणाला, ही अडगळ विजयादशमीपर्यंत पाण्यात गेली नाही तर विकायची. ती म्हणाली, बरं अप्पा, नाही गेली तर विका. पोरीचा शब्द तुला ठाऊक आहे, दिला की दिला. मल्लीपट्टिणच्या कोळ्यांशी बोलून तिनं दिवस पण ठरवला, मंगळवार. एकदा दिवाळीच्या महिन्यातला, ऐप्पसीचा पाऊस लागला की पोंगलपर्यंत तिथं कुणी हौसेला होडी घालत नाही.

तू कोळू मांडून गेलीस आणि फळकं नाहीसं.

आम्ही कुठं कुठं शोधलं. भंगारवाल्याला मी नको ते बोलले, तो बिचारा दुसऱ्या दिवशी देवाची शपथ घेऊन गेला. शांभवीनं सुताराला पुसलं, तो म्हणाला तसलं नवं करायला दहापंधरा दिवस. पोर होडीच्या काठावर बसली आणि शिडाच्या दोऱ्या गुंडाळून ठेवायला लागली. ते मला पाहवेना.

त्यातच शुक्रवारी प्रवीण दोन माणसं घेऊन आला. वेळांकण्णीकडं त्यांचं काही हॉटेल आहे. होडीभोवती फिरले, बोटानं टकटक केलं, फोटो काढले. मी पुसलं, तुम्ही कुठं चालवणार? ते हसले. म्हणाले, चालवायची नाही आज्जी, हिरवळीवर ठेवायची, आत माती भरून क्रोटन लावायचे, गेस्ट लोक फोटो काढतात. माती, वेंकू. ज्या बुडाला माझ्या नातीनं पोटच्या लेकरासारखं घासलं, त्याच्यात माती. मी त्यांना कॉफी दिली ती बिनसाखरेची, आणि साखर पुसली नाही.

त्या सांजेस नागलक्ष्मी परत आली. तांबूल घेतलं, कोळूसमोर बसली आणि म्हणाली, "राजी, तुझा चेट्टियार का पिऊन बसल्यासारखा? चेट्टिच्चीच्या अंगावर पडतोय की."

खरंच, वाण्याचा बाहुला आपल्या बायकोवर कलला होता. आपल्या सगळ्या फळ्या सपाट, आणि ही पायरी मध्ये फुगीर, कडेला उतरती. मी पायरीवर अंथरलेलं वेष्टीचं धोतर उचलून बघितलं. माझंच वार्निश.

मला वाटलं, चुकून झालं असेल. देवीशपथ, तसंच वाटलं. तूच म्हणाली होतीस, मधली फळी वाळवीनं खाल्ली, टाकून दिली. घाईत हाताला लागलं ते घातलं असशील. रात्रभर मी तुझी बाजू घेत होते. सकाळी शांभवी तांदळाच्या डब्यामागं झाडायला गेली आणि आपली मधली फळी घेऊन आली. धडधाकट. तुझ्या जांभळ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, दोन्ही टोकांना तुझी ती दुहेरी गाठ.

मी प्रवीणला बोलावलं. तो भिंतीकडं बघायला लागला.

"अम्मा, मी मावशीला एवढंच म्हटलं, चार दिवस कुठं बाजूला ठेव. कोळूत घालायचं तिचं तिनं केलं."

"आणि तू ठाऊक असून माझ्याबरोबर माळ्यावर चढून शोधलंस?"

"पोर समुद्रात जाते म्हणते. मी बाप आहे."

"मग तोंडानं नको म्हण. लेकीशी करार करायचा आणि चोरून मोडायचा, ह्याला बाप म्हणतात?"

त्याला पोरीसाठी भीती वाटते, ते मी समजू शकते. समुद्र मोठा आहे, मला पण ठाऊक. पण तुझं मला उलगडत नाही, वेंकू. माळ्यावर ठेवायचं होतंस, विहिरीत टाकायचं होतंस, मी ओरडले असते आणि संपलं असतं. तू देवीच्या पायाखाली ठेवलंस. कलश बसला की विजयादशमीला बाहुली निजवून कोळू उतरवेपर्यंत राजी कोळूला हात लावणार नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? आपण एका अंथरुणात वाढलो. माझी भक्ती तू कुलूप म्हणून वापरलीस. ह्याचा राग मला भंगारवाल्यावर काढता येत नाही, देवीवर काढता येत नाही. तुझ्यावरच निघतो.

काल सांजेस बायका जमल्या. मी दार लावलं आणि म्हटलं, आज गाणं नंतर, आधी पदर पसरा. बाहुली जमिनीला लागली तर कोळू मोडला, मांडीवर बसली तर ती पाहुणी. हे शास्त्रात आहे का? मला ठाऊक नाही, मी सांगितलं आणि नागलक्ष्मी लगेच म्हणाली, आहे आहे. तिनं चेट्टियार-चेट्टिच्ची घेतली. बँकेतल्या मामीनं मरप्पाची, म्हणजे लाकडी राजाराणीची जोडी घेतली. नित्याच्या मांडीवर अख्खी वरात, वाजंत्र्यांसकट. कलश वरच्या पायरीवर होता, त्याला कुणी धक्का लावला नाही. शांभवीनं फळकं ओढलं, आपली फळी सरकवली, आणि सगळ्या पाहुण्या आपापल्या जागी परत गेल्या. मग मी देवीला कापूर लावला आणि चुकलं असलं तर मला धर म्हटलं, पोरीला नको. बायका इतक्या हसत होत्या की आरतीत कुणाचा सूर कुणाला मिळेना. चेट्टियार आता ताठ बसलाय.

मंगळवारी पहाटे टेम्पो येतो. प्रवीण दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, पण आज दोर बांधायला हुक कुठं आहेत म्हणून लेकीला पुसत होता. मल्लीपट्टिणला मी पण जाणार. शांभवी म्हणते, आज्जी, तू काठावर बस. मी बरं म्हटलंय. माझ्यासाठी तिनं पाण्यात तरंगायचं नारिंगी जॅकेट आणलंय ते तिनं लपवलं नाही, म्हणजे तिला पण ठाऊक आहे.

तू आलीस की तुला तांबूल मिळेल, जेवण मिळेल, रसवांगी करीन तुझ्या आवडीची. मी बोलेन असं मात्र धरून येऊ नकोस. जांभळं लुगडं धुऊन घडी करून ठेवलंय, ते घेऊन जा.

तुझी, कितीही राग आला तरी तुझीच,
राजीआक्का

ता. क. हॉटेलवाली माणसं होडी न्यायला गुरुवारी, विजयादशमीच्या सकाळी येतो म्हणून गेलीत. बाहुल्या उतरवायला तू पण गुरुवारीच येते म्हणाली होतीस. होडी विकायची नाही, हे त्यांना दारात तूच सांग.