झाडाकडे कोणी पाहू नये

१२ फेब्रुवारी, गुरुवार
नात धम्मदीपाचं लग्न १५ मार्चला. वाशीमच्या तळ्याकाठच्या बागेत, मोठ्या पिंपळाखाली. माणसं फक्त पन्नास. हॉल नाही, बँड नाही. सगळी जबाबदारी मी घेतली. बायको विमल म्हणाली, आधी चश्मा कुठी ठेवला ते पाहा, मंग लगन लावा. तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी बांधकाम खात्यात जन्मभर रोलर चालवला. रोलरवाला सावकाश जातो, पण मागं सरत नाही.

खरं तर हे तिच्या बापानं, नरेंद्रनं करायचं. पोरगा राहिला नाही. दीपा लहान असताना तो तिला ह्याच पिंपळाच्या पारावर बसवून पाढे म्हणून घ्यायचा, आणि पाढे झाले की फुटाणे. म्हणून तिला तीच जागा पाहिजे. लग्नात तिच्या बाजूला त्याच्या जागी मी उभा राहणार. हे फायनल.

१४ फेब्रुवारी, शनिवार
परवानगी मिळाली. नगर परिषदेत चहासुद्धा पाजला. लगेच बागेत जाऊन जागा पाहिली. तळं छान. पार छान. पिंपळाखाली उभं राहून मान उचलली.

फांदीला पोळं आहे. सुपाएवढं. काळं. आणि ते हलतं.

माळी जगदेव म्हणाला, आग्यामोहोळ हाय आबा. दरसाली येते. कोनाचं काई करत नाई, पन छेडलं तं मंग कोनाचं आयकत नाई. मी म्हटलं, छान, निसर्ग आहे. मग गेटपर्यंत जरा जोरात चाललो. डॉक्टरनं चालायला सांगितलंच आहे. एक चप्पल पिंपळाखाली राहिली होती, ती जगदेवनं आणून दिली.

घरी सांगितलं नाही. विहीण लिलाबाई कामरगावच्या. त्या आधीच म्हणत होत्या, बागेत लगन कोन करते, बागेत तं पोट्टे पेपरात नापास झाले की बसते. त्यांना पोळ्याचं कळलं तर लग्न सरळ कामरगावच्या हॉलमध्ये. दीपाचा पिंपळ जाईल. म्हणून गप्प. भीतीचा काही संबंध नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
मोबाईलवर अभ्यास केला. माशी चार गोष्टींनी चवताळते. धूर, वास, गडद कपडा, भुणभुण आवाज. पाचवी गोष्ट मोबाईलवर नाही, ती माझ्या अनुभवाची. एकटक पाहिलेलं कोणालाच आवडत नाही. आमच्या साहेबाकडे टक लावून पाहिलं तरी ते चवताळायचे.

तेव्हा नियम केला. झाडाकडे कोणी पाहू नये. झाडाचा विषय काढू नये. सुरुवात माझ्यापासून.

अभ्यासात चेहरे सुजलेल्या माणसांचे फोटो होते. ते पाहून जेवण गेलं नाही. वांग्याची भाजी होती, मला वांगं तसंही फार आवडत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
मेडशीचा लखन भेटला. मध काढतो. कसं तरी त्याला कळलं. म्हणे, एक टेंभा लावतो आबा, खल्लास. मध अर्धा तुमचा, अर्धा माहा. म्हटलं विचार करतो. चहा संपेपर्यंत विचार केला. मोह झाला, खोटं कशाला लिहू. पण ज्या लग्नात पोरगी आणि नवरदेव पंचशीलात सगळ्यात आधी जीव घेणार नाही असं म्हणणार, त्याच्या आदल्या दिवशी मी हजारो जीव जाळायचे, हे जमत नाही. नाही म्हणून सांगितलं. छाती फुगली.

शिवाय त्याला झाड दाखवायला मलाच जावं लागलं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
कामरगावची मंडळी येऊन गेली. मी मुद्दे मांडले. अगरबत्ती नको, प्रदूषण होते. मेणबत्त्या बॅटरीवरच्या आणू. गजरा, अत्तर, खरी फुलं नको, फुलं झाडावरच शोभतात. सगळ्यांनी पांढरं घालावं, नवरदेवानंही.

लिलाबाई म्हणाल्या, आमच्या प्रसेनजितचा निळा सूट शिवून झाला, आता तो का म्हशीले घालू? आणि बिना अगरबत्तीचं लगन म्हनजे बिना मिठाचं वरन. मी म्हटलं, विहीणबाई, साधेपणा.

त्यांच्यासोबत विहारातले एक गृहस्थ होते. ते म्हणाले, इंद्रभानजी, ह्या वयात असा विचार करनारा मानूस पाहिला नाई. पुढच्या महिन्यात आमच्या इथं साध्या लग्नावर दोन शब्द बोला. मी हो म्हटलं. इतकं बरं वाटलं की पोळ्याची आठवणही राहिली नाही.

तेवढ्यात सून रूपानं आत मिक्सर लावला. भानावर आलो तेव्हा मी दिवाणावर उभा होतो. भिंतीवरचं घड्याळ मागं पडलंय का ते पाहत होतो, असं सांगितलं. विमल म्हणाली, घड्याळ त्या भितीवर हाय.

२५ फेब्रुवारी, बुधवार
फोटोवाली वैभवी आली. बारीकशी पोरगी, बॅगेतून ड्रोन काढला. म्हणे, पिंपळाच्या शेंड्यापासून खाली येत येत शूट घेते आबा, एकदम भारी दिसते. भुणभुणणारी वस्तू, पोळ्याच्या शेजारून. कॅन्सल. कारण साधेपणा.

दीपा म्हणाली, आबा, माह्या लग्नातून एकेक चीज काढून राह्यले तुमी. नवरदेव तरी ठेवता का? सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही. आत निघून गेली.

संध्याकाळभर बरं वाटलं नाही. पण पोरीचा चेहरा सुजण्यापेक्षा रुसलेला परवडला.

२ मार्च, सोमवार
होळी. बागेच्या भिंतीपलीकडे मोठी होळी पेटते, हे आजच कळलं. धूर सरळ पिंपळावर. आता माश्या चवताळणार. घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. धुळीची ॲलर्जी सांगितली. विमल म्हणाली, बाग इथून दोन कोस हाय, तिथली धूळ इथं कशी येते? तिला काय सांगू, दोन कोस माशीला काहीच नाही. दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. आत इतकं गदमदत होतं की विमल ओट्यावर जाऊन बसली. तिला दोनदा हाक मारली. आली नाही. मग मी दाराशी बसलो, आतून. तिचा आवाज येत होता तोवर ठीक होतं.

३ मार्च, मंगळवार
धुळवड. शहरात कोणाला चावल्याची बातमी नाही. जगदेवला फोन केला, सहज. तो म्हणाला, आबा, बरं झालं फोन केला, त्या झाडावरचं सांगाचं होतं. मी तिथंच थांबवलं. म्हटलं, झाडाचा विषय बंद ठेवायचा ठरलंय ना? तो म्हणाला, पन आयकून तं घ्या. फोन ठेवला. त्यानंतर त्याचा दोनदा आला, उचलला नाही. शिस्त म्हणजे शिस्त. नक्कीच पोळं मोठं झालं असणार.

८ मार्च, रविवार
रंगीत तालीम. मी, रूपा आणि दीपा बागेत. मी मान खाली घालून पिंपळाखाली गेलो. कुठं उभं राहायचं ते पायानं आखून घेतलं. छातीत धडधड होती, पण ती वयामुळे. सगळं उत्तम चाललं होतं. तेवढ्यात खिशात काहीतरी थरथरलं.

गेटजवळ पोचल्यावर कळलं, फोन व्हायब्रेटवर होता. विमलचा होता, दही आणायला सांगत होती. दोघी मागून आल्या. मी म्हटलं, पाहुण्यांना घाईत बाहेर काढायची वेळ आली तर रस्ता मोकळा आहे का, ते चेक केलं. मोकळा आहे.

परत येताना विचार करून ठरवलं की लग्नाच्या दिवशी मी गेटवर उभा राहीन. स्वागताला घरचा मोठा माणूस लागतोच. रूपाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, दीपाच्या बाजूले कोन उभं राहीन? म्हटलं, तू आहेस ना. ती म्हणाली, मी तं माह्या जागेवर राहीनच बाबा. मी त्यायच्या जागेचं इचारून राह्यली.

दही आणायला गेलो. घरी दही आधीच आलं होतं.

११ मार्च, बुधवार
दीपा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, आबा, तुमी एकदा त्या पिंपळाकडे पाहून या. मग लक्षात आलं, या दिवसात पिंपळाला तांबूस पालवी येते, तेच दाखवायचं असणार. म्हटलं, पालवी पाहिलेली आहे. ती म्हणाली, पालवी नाई, आबा. मी म्हटलं, विषय बंद.

ती उठली. मग म्हणाली, बरं. गेटवर उभे राहा. पन मले तुमचा खोकला आयकू येईन, इतके जवळ राहा.

गेट पिंपळापासून लांब आहे. एवढा मोठा खोकला मला येत नाही.

१४ मार्च, शनिवार
उद्याची तयारी पूर्ण. कुडत्याच्या आत दोन बनियन आणि पांढरा स्वेटर. त्यावर पांढरा शेला, विमलच्या माहेरचा. सँडल पट्ट्याची, म्हणजे निघून पडणार नाही. विमल म्हणाली, मार्चात स्वेटर? मी म्हटलं, सकाळी गारवा असते. ती म्हणाली, आता तुमाले कायचं भेव वाटून राह्यलं ते तरी सांगा. मी हसण्यावर नेलं.

गेटवरच उभं राहायचं. पक्कं. त्यात बदल नाही.

१५ मार्च, रविवार, दुपारी चार
सकाळी गेटवर होतो. पन्नास सांगितले तर शंभर आले. सगळ्यांना म्हटलं, या, बसा, झाडाकडे पाहू नका. लिलाबाई हातात फुगलेली पिशवी घेऊन आल्या, काय आहे ते सांगेनात. नवरदेव पांढऱ्यात. सूट घडी करून गाडीत ठेवला होता बिचाऱ्यानं.

भंतेजींनी मंडळींना उभं राहायला सांगितलं. गेटवरून दिसत होतं. पारापुढे दीपा, तिच्या एका बाजूला प्रसेनजित, दुसऱ्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा, आणि त्या जागेपलीकडे रूपा. रूपानं ती जागा भरली नव्हती. दीपानं गेटकडे वळून पाहिलं नाही. पाठमोरी उभी होती. पाढे म्हणताना बसायची तशीच मान.

पाय चालायला लागले. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

जागेवर पोचलो आणि डोळे गच्च मिटले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. दोघांनी प्रतिज्ञा घेतल्या. दीपाचा आवाज स्पष्ट होता, एवढं लक्षात आहे. बाकी मी फक्त आवाज ऐकत होतो, भुणभुण येते का त्याचा. मग मंगलगाथा सुरू झाल्या आणि मानेवर काहीतरी बसलं.

दुसरं कानावर. तिसरं हातावर.

खरी फुलं मी बंद केली होती. तेव्हा हे दुसरं काही असणं शक्य नव्हतं. सँडलचा पट्टा पक्का होता. रस्ता मोकळा होता, मी स्वतः चेक केला होता. आणि माझे हात काय करत होते तर शेला उलगडत होते. तो दीपाच्या डोक्यावरून टाकला, तिला छातीशी घेतलं, आणि वरून स्वतः वाकलो. चावू दे, माझं काय राहिलंय. प्रसेनजित बाहेर राहिला, त्याचं नंतर वाईट वाटलं.

गाथा थांबल्या नाहीत. शेल्याच्या आतून दीपा हळूच म्हणाली, आबा, फुलं हायेत. डोळे उघडा. आता झाडाकडे पाहा.

पाहिलं. तांबूस पालवी. फांदीवर एक फिकट डाग, जुन्या मेणाचा. बाकी काही नाही. लिलाबाई पिशवीतून मूठ मूठ पाकळ्या उडवत होत्या.

होळीच्या धुरानं सगळं मोहोळ त्याच दिवशी उठून गेलं. जगदेवनं दुसऱ्या दिवशी घरी येऊन दीपाला सांगितलं. दीपानं रूपाला, रूपानं विमलला. विमलनं लिलाबाईंना. मला सांगायला सगळेच आले होते म्हणे. जगदेव म्हणाला, आबा, तुमी फोनच ठेवता तं मानसानं का पत्र धाडाव?

बाया मात्र डोळे पुसत होत्या. लिलाबाई म्हणाल्या, शेल्याचं आमच्यात नव्हतं, पन लई चांगलं हाय, बापाची सावलीच टाकली पोरीवर. भंतेजी म्हणाले, डोळे मिटून एवढी एकाग्रता ह्या वयात कमी दिसते. मी म्हटलं, सगळं आधीपासून ठरवलेलं होतं.

गाडीत बसताना दीपानं माझा हात धरला. हात ओला होता, स्वेटरमुळे. ती म्हणाली, तुमाले वाटत होतं माश्या तिथंच हायेत. तरी आले?

म्हटलं, गेटवर ऊन लागत होतं.

१६ मार्च, सोमवार
घर रिकामं. विमलनं तिघांऐवजी चौघांचा स्वयंपाक केला. स्वेटर वाळत घातला.

दुपारी शेजारची निता आली. तिच्या भाचीचं लग्न दिवाळीनंतर, त्याच बागेत, त्याच पिंपळाखाली. शेला टाकायला मीच पाहिजे म्हणे, काकाजी, तुमच्यासारखं दुसऱ्याले जमनार नाई. मी आनंदानं हो म्हटलं. असल्या कामाला माणूस निधड्या छातीचाच लागतो.

संध्याकाळी जगदेवचा फोन. उचलला, आता घाबरायचं कारण नाही. तो म्हणाला, आबा, पुढच्या लगनाचं आयकलं. झाडावरचं आधीच सांगून ठेवतो, दिवाळी झाली की त्या वापस येते. त्याच फांदीवर.

दिवाळीनंतर गुडघा फार दुखणार आहे, असं विमलला आत्ताच सांगून ठेवलं.