एका पॉइंटवर किती लटकवायचं

बाबा, आज तुमच्याशी विजेबद्दल बोलायचं आहे. घरात कोणाशी बोलावं तर हिला त्याचा कंटाळा, आणि पोरीला सगळं आधीच माहीत असतं. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं, म्हणजे नातीची ओळख करून देण्यापासून सुरुवात आहे. तुमची नात चोवीस वर्षांची आहे. नाक तुमचं, राग तुमचा, भाषा मात्र रायपूरची. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. कॉलेजात असताना जिन्यावर दोनदा पडली आणि तिथून तपासण्यांचा फेरा सुरू झाला. स्नायूंचा आजार आहे. आधी पाय गेले, आता हात जात आहेत, आणि औषध नाही. डॉक्टरांनी हे इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

तिच्याजवळ हातात धरून खेळायचं एक यंत्र आहे. लहान पाटीएवढं, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. त्यात ती डोंगर चढते, घोडा पळवते, पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेल्या मैत्रिणींबरोबर टोळी करून लढाया करते. मी आधी नाक मुरडायचो. शिकलेली पोट्टी आणि हे काय लहान लेकरासारखं, म्हणायचो. मग लक्षात आलं, चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात ती पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढीच फिरते. बाकीचं सगळं फिरणं त्या पाटीत आहे. एक दिवस तिने ते मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "पापा, अंगूठा नहीं चल रहा." एवढंच. रडली नाही. मीच न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आलो.

त्या यंत्राला बाहेरून कीबोर्ड जोडता येतो, हे मला बुढापारा भागातल्या एका दुकानदाराने सांगितलं. तो ब्लँकेटवर ठेवला की तिला नुसती बोटं टेकवून खेळता येणार होतं. पण यंत्राला खाली एकच भोक आहे, बाबा. त्यातूनच चार्जिंग आणि त्यातूनच बाकी सगळं, म्हणजे जेवायचं तर बोलायचं नाही आणि बोलायचं तर उपाशी राहायचं. दुकानदाराने एका भोकाची चार भोकं करणारा जोड दिला, त्याला हब म्हणतात. घरी येऊन कीबोर्ड लावला, चालला. माउस लावला, चालला. मैत्रिणींशी बोलायचा हेडफोन लावला आणि सगळं एकदम मेलं. काढून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पोरीने पडद्यावरची नजर काढून खिडकीकडे नेली, ते मला सहन होईना.

आणि तेव्हा तुमचा आवाज ऐकू आला. मी अकरावीत आहे. स्वयंपाकघरात आई मिक्सरवर चटणी वाटते आहे आणि त्याच पॉइंटवर मी इस्त्री आणि टेपरेकॉर्डर दोन्ही लटकवलेत. फट् होतं, पंखे थांबतात, तारेचा जळका वास सुटतो. तुम्ही भनपुरीच्या रोलिंग मिलमधून नुकतेच आला आहात, सदरासुद्धा उतरवलेला नाही. "काहून बे, एका पॉइंटवर किती लटकवशील? त्याच्यात जीव किती हाय ते तं पाह्य आधी!" पाठीत धपाटा बसतो. मग तुम्ही मलाच स्टुलावर चढवून फ्यूजची तार भरायला लावता, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खिशातला टेस्टर काढून मला देता, जसा काही मी वायरमन होणारच आहे. मी झालो कारकून. त्या टेस्टरने मी आयुष्यभर डब्यांची झाकणं उघडली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हणालो, "भैया, या हबला वेगळी लाइन पाहिजे, यंत्राचा जीव लहान आहे." तो म्हणाला, "अंकल, ये पहले बोलना था न." स्वतःची वेगळी वीज घेणारा हब आणला आणि सगळं एकदम चाललं, चार्जिंगसकट. "हव पापा, चल गया!" अशी ती ओरडली की ही स्वयंपाकघरातून पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. तो उन्हाळा बरा गेला.

मग कीबोर्डची बटणं तिला जड झाली. तुम्ही विश्वकर्मा पूजेला मला मिलमध्ये नेलं होतं, आठवतं? त्या दिवशी कामगारांच्या पोरांना आत सोडायचे. तुम्ही मला उचलून तळव्याएवढं हिरवं बटण दाबायला लावलंत. मी दाबलं, काहीच झालं नाही, आणि तुम्ही म्हणालात, "आज मशीनीले सुट्टी हाय." तसलंच बटण मी भनपुरीतून आणलं, एका छोट्या सर्किटला तारा जोडून हबवर लावलं. बोटाने नाही तर मुठीने दाब, म्हटलं. पण आतली स्प्रिंग कारखान्यातल्या माणसांसाठी केलेली. तिची मूठ नुसती वर टेकून राहिली. मी बटण उघडून स्प्रिंगचा एक वेढा कापला. चाललं. महिनाभराने पुन्हा जड झालं, पुन्हा एक वेढा. ही दारात उभी राहून पाहत होती. "काहून त्या पोरीले उगीच आस लावून राहिले तुम्ही?" म्हणाली. मी म्हटलं, तिला नाही लागली, मलाच लागली आहे. शेवटी स्प्रिंग इतकी लहान झाली की बटण दाबलं की दबलेलंच राहायला लागलं, आणि पडद्यावरचा तिचा माणूस भिंतीवर डोकं आपटत एकाच दिशेने चालत राहिला. ती खूप हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

आता हबवर फक्त हेडफोन लावलेला असतो आणि यंत्र माझ्या हातात. तीच म्हणाली, "पापा, आप खेलो, मैं बोलूँगी." रोज जेवणं झाली की मी तिच्या पलंगाशी बसतो आणि तिची टोळी मला सहन करते. माझी बोटं जाड, चष्मा सरकतो, उजवं-डावं कळत नाही. "बाएँ, पापा, बाएँ! अरे वो दायाँ है!" "थांब न वो, करून राहिलो न!" तोवर आमचा माणूस दरीत गेलेला असतो. मैत्रिणी हसतात आणि ती तुमच्यासारखी चिडते.

डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं आहे. हातांनंतर गळा. आधी आवाज बारीक होईल, शब्द जड येतील, मग श्वास. त्यासाठी काय जोडतात तेही मी विचारून ठेवलं आहे, पण त्याने तिचा आवाज राहत नाही. हे मी हिला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही, आणि हा कागदही मी कुठे पाठवणार? तुमच्या मिलच्या जागेवर आता गोदाम आहे.

एक सांगायचं राहिलं. खेळ मला केव्हाच यायला लागला आहे, बाबा. डावं, उजवं, उडी, सगळं येतं. ती झोपलेली असताना मी सराव केला. तरी मी रोज मुद्दाम दरीत पडतो, म्हणजे ती ओरडते. या आठवड्यात तिचं ओरडणं जरा हळू झालं आहे, म्हणून मी जास्त वेळा पडतो.